पूर्वजांच्या पाटीपुढे

१७९१ सालची गोष्ट. कोरियातल्या जिनसान इथे युन जि-चुंग या बत्तीस वर्षांच्या माणसाची आई वारली. घराणं मोठं, हेनामच्या युनांचं. तो स्वतः सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्वान. अशा घरात आई गेली की पुढे काय करायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. तिच्या नावाची लाकडी पाटी करायची, ती घरातल्या पूर्वजांच्या पाट्यांशेजारी ठेवायची, पुढे भात, फळं, मद्य मांडायचं आणि सगळ्यांनी गुडघे टेकून वाकायचं. युनने शोक पाळला, आईला नीट पुरलं, पण पाटी केली नाही. घरात होत्या त्या पाट्याही जाळल्या. त्याच्यासोबत त्याचा मामेभाऊ क्वॉन सांग-योन होता. बातमी फुटली, दोघांना पकडून जॉन्जूला नेलं. चौकशीत युनचं सांगणं असं होतं की लाकडाच्या तुकड्यात माझे आईवडील नाहीत. ८ डिसेंबर १७९१ रोजी दोघांची डोकी उडवली.

युनला हे स्वतःच्या मनाने सुचलं नव्हतं. कोरियात ख्रिस्ती धर्म कुणी मिशनऱ्याने आणला नाही. चीनला जाणाऱ्या राजदूतांच्या सामानातून चिनी भाषेतली ख्रिस्ती पुस्तकं आली, कोरियन विद्वानांनी ती आपापसांत वाचली, त्यांच्यावर वाद घातले आणि १७८४ साली त्यांच्यातला यी सुंग-हुन बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परतला. त्याने मित्रांना बाप्तिस्मा दिला. पहिली दहा वर्षं त्या मंडळीत एकही धर्मगुरू नव्हता. मग त्यांना शंका आली: आपण करतो ते नियमाला धरून आहे का? पूर्वजांच्या पाटीचं काय? त्यांनी बीजिंगच्या बिशपला विचारलं. १७९० साली उत्तर आलं की पाटी चालणार नाही, रोमची, म्हणजे पोपची, मनाई आहे. त्या उत्तरानंतर अनेक थोरामोठ्यांच्या घरातल्यांनी नव्या धर्माकडे पाठ फिरवली. युनने पाट्या जाळल्या.

याच रोमने ८ डिसेंबर १९३९ रोजी चीनपुरता हुकूम काढला की पूर्वजांच्या पाटीपुढे मान झुकवणं हा कौटुंबिक आदराचा भाग आहे, त्यात धर्माला बाधा येत नाही. कोरियालाही त्याच सुमारास मोकळीक मिळाली. युनच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर १४८ वर्षं झाली होती.

मी वसईचा. आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर क्रूस आहे आणि त्याच्या खाली आजोबांची तसबीर. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, बाबा तसबिरीला झेंडूचा ताजा हार घालतात, मेणबत्ती लावतात, क्षणभर मान खाली घालून उभे राहतात. ही पूजा की आठवण, असं त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही. मात्र शाळेत मला एक प्रश्न फार वेळा विचारला गेला: तुम्ही कधी बाटलात? त्या प्रश्नात एक गृहीतक असतं की ख्रिस्ती धर्म मूळचा गोऱ्यांचा, बाकीच्यांनी तो उसना घेतला. चीनमध्ये हेच एका वाक्यात सांगत असत: एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला. मला हे वाक्य खोटं वाटतं. पण ते रागाने झटकून चालणार नाही, कारण ते खरं वाटावं अशी वागणूक गेल्या तीनशे वर्षांत बड्या बड्या सत्तांनी केलेली आहे. आशियातल्या ख्रिस्ती धर्माविषयी बोलताना आपण सारखं विचारतो की हा आपला की परका. मला विचारायचं आहे ते वेगळं. घरातल्या पाटीपुढे वाकायचं की नाही, हे कोण ठरवत होतं?

परकेपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तारखांनीच निकालात निघतो. चीनमधल्या शिआनच्या शिलालेखांच्या संग्रहालयात एक काळी शिळा उभी आहे, पावणेतीन मीटर उंचीची. ती ७८१ साली कोरली. तिच्यावर लिहिलंय की ६३५ साली आलोपेन नावाचा धर्मगुरू तांग घराण्याच्या राजधानीत आला, सम्राट ताइझोंगने त्याचं स्वागत केलं, त्याची पुस्तकं भाषांतरित करून घेतली आणि तीन वर्षांनी मठ बांधायला परवानगी दिली. कँटरबरीत ऑगस्टिनने इंग्रजांना धर्म सांगायला सुरुवात केली ती ५९७ मध्ये, म्हणजे इंग्लंड चीनच्या पुढे असेल तर जेमतेम अडतीस वर्षांनी. लिथुआनिया ख्रिस्ती झाला तो तर १३८७ मध्ये. आलोपेन आला होता पर्शियाकडून. त्याचं चर्च रोमच्या अधिकाराखाली कधीच नव्हतं. प्रार्थनेची भाषा सिरियाक, म्हणजे येशूच्या बोलीच्या नात्यातली.

त्या शिळेचा माथा मी छायाचित्रात पुन्हा पुन्हा पाहिला आहे. वर एक छोटा क्रूस आहे आणि तो टेकला आहे उमललेल्या कमळावर, भोवती ढग. खाली चिनी मजकूर, कडेला सिरियाक अक्षरांत धर्मगुरूंची नावं. मजकूर लिहिणारा जिंगजिंग चिनी भाषेत इतका मुरलेला होता की कपिशाहून आलेल्या प्रज्ञा या बौद्ध भिक्षूबरोबर बसून त्याने एक बौद्ध सूत्रही भाषांतरित करायला घेतलं. सम्राटाला ते काही पटलं नाही. दोन्ही धर्म वेगळे आहेत, त्यांनी आपापलं काम करावं, असा शेरा पडला. पण एक ख्रिस्ती धर्मगुरू आणि एक बौद्ध भिक्षू एका बैठकीवर शब्द जुळवत बसलेत, हे चित्र मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोलाचं वाटतं.

हेच चर्च आपल्या किनाऱ्यावरही होतं. सहाव्या शतकाच्या मध्याला कॉस्मास या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण मानतात. १३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन या युरोपीय संघाचे चार साधू मारले गेले, तेव्हा ते याच जुन्या चर्चच्या माणसांकडे उतरले होते. नंतर ठाण्याला आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने तिथे त्या लोकांची पंधरा घरं असल्याची नोंद केली, मृतांच्या अस्थी गोळा केल्या आणि जहाजाने थेट चीनच्या झायतून बंदरात, आजच्या छुआनझौला, नेल्या. ठाण्यात मेलेल्यांच्या अस्थी चीनमध्ये विसावल्या. दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा हा आशिया होता, युरोप त्याच्या एका कोपऱ्यात होता. १२८७ साली तर उलटा प्रवास झाला. बीजिंगमध्ये जन्मलेला राब्बान सौमा हा साधू युरोपात गेला आणि फ्रान्सच्या दक्षिणेला मुक्काम असलेल्या इंग्लंडच्या राजाला, पहिल्या एडवर्डला, त्याने आपल्या हाताने ख्रिस्तप्रसाद दिला.

मग हे सगळं गेलं कुठे? ८४५ मध्ये सम्राट वुझोंगने बौद्ध मठ मोडले, त्या तडाख्यात हेही मठ गेले. मंगोलांच्या काळात पुन्हा पालवी फुटली. कुब्लाई खानाची आई सोर्घाघ्तानी ख्रिस्ती होती. १३६८ मध्ये मंगोल हटले, पालवी गळाली. दरबाराच्या मर्जीवर वाढलेलं दरबाराबरोबर जातं. शिआनच्या शिळेत सम्राटांची स्तुती इतकी आहे की वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. गावोगावच्या शेतकऱ्याच्या घरात तो धर्म किती उतरला होता याचा माग फारसा लागत नाही, आणि माझ्या मते तो फारसा उतरलेलाच नव्हता. कमळ दगडावर कोरलं होतं, अंगणात रुजलं नव्हतं.

अंगणात रुजण्याची खरी सुरुवात सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाली. जेसुइट संघाचा धर्मगुरू मातेओ रिची १५८२ मध्ये मकाऊला आला, चिनी शिकला, कन्फ्यूशियसचे ग्रंथ तोंडपाठ केले आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोचला. रिचीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याच्यापेक्षा शु ग्वांगची जवळचा वाटतो. शांघायचा हा विद्वान १६०३ मध्ये ख्रिस्ती झाला, पुढच्या वर्षी सर्वांत वरची राजपरीक्षा उत्तीर्ण झाला आणि रिचीसोबत बसून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग त्याने चिनी भाषेत आणले. १६०७ मध्ये ते छापून झाले. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. शु सरकारी काम सोडून शांघायला गेला आणि चिनी रीतीप्रमाणे त्याने सुतकाचा पूर्ण काळ तिथे काढला. त्याच काळात त्याने एका धर्मगुरूला शांघायला बोलावलं आणि तिथलं चर्च उभं राहिलं. बापाचं सुतक पाळणं आणि चर्च उभारणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्याला वाटलंच नाही. आज शांघायमध्ये शुजियाहुई नावाचा गजबजलेला भाग आहे, त्याचं नाव याच घराण्यावरून पडलं.

शुसारख्या माणसांना जे जमलं त्यावर नंतर युरोपातून आलेल्या इतर संघांनी हरकत घेतली. त्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन गरिबांमध्ये काम करत होते आणि तिथे त्यांनी पाहिलं की लोक पाटीकडे पीकपाणी मागतात, नवस बोलतात. विद्वानाच्या घरात जो आदर होता तो झोपडीत पूजा होऊ शकत होता. हा प्रश्न खरा होता. पण तो सोडवायचा कुणी? १६९३ मध्ये फूजियानचा मुख्य धर्माधिकारी शार्ल मेग्रो याने आपल्या भागात मनाई केली. १७०४ मध्ये रोमने तिच्यावर शिक्का मारला, १७१५ मध्ये पुन्हा, आणि १७४२ मध्ये तर अशी शपथ आणली की या विषयावर वादच काढायचा नाही.

मधल्या काळात कांगशी सम्राटाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती आणि १७०० मध्ये स्वतः लिहून दिलं होतं की पाटीपुढे वाकणं हा आदर आहे, पूजा नाही. ज्याच्या भाषेतला शब्द, ज्याच्या लोकांची रीत, तो अर्थ सांगतोय, आणि रोमला तो पुरावा अपुरा वाटला. १७०६ मध्ये कांगशीने मेग्रोला जेहोलला बोलावलं. वीस वर्षांहून जास्त चीनमध्ये राहिलेल्या या माणसाला दरबारात दुभाष्या लागला. सम्राटाने आपल्या सिंहासनामागच्या फलकावरची चार अक्षरं दाखवली आणि वाचायला सांगितलं. मेग्रोला त्यातलं एकच वाचता आलं. सम्राट संतापला यात नवल ते काय? अक्षरं वाचता न येणारा माणूस लाखो लोकांना त्यांच्या आईबापांपुढे वाकू नका म्हणून सांगत होता. मेग्रोला हद्दपार केलं गेलं, १७२१ मध्ये कांगशीने प्रचारावर बंदी आणायचं ठरवलं आणि १७२४ मध्ये त्याच्या मुलाने ती देशभर लागू केली.

ज्यांचं यात सगळ्यांत जास्त गेलं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घरात चार पिढ्या क्रूस आणि पाटी शेजारी शेजारी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला एके दिवशी कळलं की रोम म्हणतं पाटी काढ आणि बीजिंग म्हणतं क्रूस काढ.

गोव्याने हे पाहिलेलं आहे. १७३६ मध्ये तिथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं: ख्रिस्ती घरात तुळस लावायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. त्याआधी १६८४ मध्ये कोंकणी बोलण्यावरच गदा आली होती. आणि हे त्याच भूमीत, जिथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. सव्वाशे वर्षांच्या आत ओवी पुण्याची होती ती पापाची झाली. वसईत १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, गावातली ख्रिस्ती माणसं राहिली, स्थानिक धर्मगुरूंनी त्यांचं बघितलं. आमच्याकडे लाल लुगडं राहिलं, लग्नातली गाणी राहिली, आजोबांच्या तसबिरीला हार राहिला. किल्ला पडला म्हणून आमचं घर वाचलं, असं मला कधी कधी वाटतं. हे माझं मत आहे, त्याला कागदाचा पुरावा मी देऊ शकत नाही.

जपानची गोष्ट आणखी टोकाची आहे, आणि तिचा एक धागा वसईपर्यंत येतो. फ्रान्सिस झेव्हियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला तो अंजिरो या जपानी माणसाला घेऊन. अंजिरोचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं. त्यांत एक होता वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया, फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर. जपानी उत्तम बोलायचा, राज्यकर्ता हिदेयोशीपुढे त्यानेच दुभाष्याचं काम केलं. त्याच्या नावाने आज वसईत महाविद्यालय आहे. सव्वीसातले बहुतेक मात्र जपानी होते, त्यांत लहान मुलंही होती, हे आम्ही आमच्या संताच्या अभिमानात विसरतो.

१६१४ मध्ये जपानभर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. लोकांना दर वर्षी मेरीच्या किंवा येशूच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचं दाखवावं लागे. पाय ठेवायचे आणि घरी येऊन क्षमेची प्रार्थना म्हणायची, असं सात पिढ्या चाललं. बाप्तिस्मा द्यायला गावातला एक माणूस, सणवार मोजायला दुसरा. करुणेची देवी कान्नोन हिची मूर्ती मेरी म्हणून पुजायची. लॅटिन प्रार्थना तोंडातोंडी झिजून त्यांचे शब्द जपानी कानाला येतील तसे झाले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंचांनी नव्याने बांधलेल्या चर्चच्या दाराशी पंधराएक माणसं आली. फादर पेतिजां यांनी दार उघडलं, आत जाऊन गुडघे टेकले. एक बाई जवळ सरकली आणि कुजबुजली की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. मग तिने विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

ती बाई उराकामी गावची. पुढे त्या गावच्या तीन हजारांहून अधिक लोकांना सरकारने हद्दपार केलं, शेकडो मेले, १८७३ मध्ये बंदी उठली तेव्हा उरलेले परतले. पण काही घरं फ्रेंच धर्मगुरूंच्या चर्चमध्ये परत गेलीच नाहीत. त्यांना बापजाद्यांनी जिवावर उदार होऊन जपलेली, झिजलेल्या शब्दांची प्रार्थना सोडवेना. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती चुकली असतील. मला त्यांच्यापुढे नुसतं मान खाली घालून उभं राहावंसं वाटतं. दोनशेहून अधिक वर्षं ज्यांच्या घरी एकही पाद्री फिरकला नाही, त्यांच्या धर्माला परका म्हणायची हिंमत कुणी कशी करावी?

आता जी बाजू आम्ही ख्रिस्ती लोक टाळतो तिच्याकडे येऊ. एक एक ख्रिस्ती, एक एक कमी चिनी, हे वाक्य हवेतून आलं नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये बायबल आलं ते अफूच्या गलबतांच्या मागोमाग, कधी त्याच गलबतावरून. कार्ल ग्युत्स्लाफ हा जर्मन मिशनरी जार्डिन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून गेला. एका बाजूने अफूच्या पेट्या उतरत होत्या, दुसऱ्या बाजूने तो पुस्तिका वाटत होता. त्यातली पुष्कळशी अफू माळव्यातली, मुंबई बंदरातून चढलेली. मुंबईतल्या कितीतरी श्रीमंत घरांचा, दानधर्माचा पाया त्या व्यापारात आहे, म्हणून हा विषय आपल्यालाही दूरचा नाही. १८४२, १८५८, १८६० असे एकामागून एक तह बंदुकीच्या धाकावर झाले आणि १८५८ पासूनच्या तहांत धर्मप्रचाराची कलमं घातली गेली. १८६० च्या फ्रेंच तहाच्या चिनी प्रतीत तर दुभाष्या असलेल्या मिशनऱ्याने मूळ फ्रेंचमध्ये नसलेलं एक कलम घुसवलं, की मिशनऱ्यांना सगळ्या प्रांतांत जमीन घेता येईल. देवाच्या नावाने दस्तऐवजात खोटं लिहिलं गेलं. गावातल्या भांडणात ख्रिस्ती पक्षकाराच्या मागे परदेशी वकिलात उभी राहू लागली. मग १९०० मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाचा भडका उडाला आणि त्यात मेले ते बहुतांशी चिनी ख्रिस्ती, हजारोंनी. तोफा गोऱ्यांच्या होत्या, हिशोब शेजाऱ्याकडून चुकता केला गेला.

इथे कुणी मला चीनमधल्या ताइपिंग बंडाची आठवण करून देईल, आणि ती रास्त आहे. लियांग फा या चिनी ख्रिस्ती मुद्रकाने १८३२ मध्ये लिहिलेली पुस्तिका हाँग शियुच्वानच्या हाती पडली. परीक्षेत वारंवार नापास झालेल्या या माणसाला वाटलं की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. त्याने पेटवलेल्या १८५१ ते १८६४ च्या यादवीत दोन कोटींहून अधिक माणसं मेली असं मानतात. त्याला ना रोमने सांगितलं होतं ना लंडनने. घरच्या माणसाने आपल्या मनाने लावलेला अर्थ एवढा भयंकर होऊ शकतो, मग तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणता की ठरवायचं ते घरच्यांनी? माझं उत्तर असं आहे की हाँगने अर्थ लावला तोवर तो वेडगळ होता. त्याने नानजिंगमध्ये सिंहासन मांडलं, फौज उभी केली, आपला अर्थ न मानणाऱ्याचं डोकं उडवलं, तेव्हा तो भयंकर झाला. ज्याने सिंहासनावरून दुसऱ्याच्या घरातली पाटी फोडली, त्याला मी युनच्या किंवा उराकामीच्या बाईच्या रांगेत बसवणार नाही.

विसाव्या शतकात चिनी ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच स्वतःचा कारभार मागायला सुरुवात केली. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत छंग जिंगयी या तरुणाला बोलायला सात मिनिटं मिळाली. त्याने सरळ सांगितलं की तुमच्या पंथांच्या भिंतींत चिनी ख्रिस्ती लोकांना रस नाही. १९१७ मध्ये बीजिंगमध्ये सत्य येशू चर्च सुरू झालं, कुठल्याही परदेशी संस्थेशिवाय. स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रचार, ही तीन तत्त्वं कम्युनिस्ट सरकार यायच्या कितीतरी आधीपासून चर्चेत होती. १९४९ नंतर सरकारने तेच शब्द घेतले आणि त्यांची संघटना करून सगळ्यांना तिच्याखाली आणलं. जे आले नाहीत, ते तुरुंगात गेले. वांग मिंगदाओ १९५५ मध्ये आत गेले, मध्ये थोडा काळ सुटले, पुन्हा आत गेले, ते वीस वर्षांहून अधिक काळाने बाहेर आले. नी तुओशंग १९७२ मध्ये कैदेतच वारले. सांस्कृतिक क्रांतीत तर सरकारमान्य चर्चलाही कुलूप लागलं.

आणि याच काळात चीनमधला ख्रिस्ती धर्म वाढला. १९४९ मध्ये प्रोटेस्टंट दहा लाखांच्या आतबाहेर होते. २०१८ मध्ये चीन सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत त्यांचा आकडा ३ कोटी ८० लाख आहे, कॅथलिक ६० लाख. त्यातली कित्येक वर्षं मिशनरी नव्हते, बाहेरचा पैसा नव्हता, इमारती नव्हत्या. हनानच्या खेड्यांत बायका हाताने उतरवून काढलेली बायबलची पानं एकमेकींना देत होत्या. परक्या पैशाने माणसं बाटवली जातात हे म्हणणाऱ्यांनी या आकड्याचं काय करायचं ते सांगावं.

गेली दहा वर्षं बीजिंगहून नवा शब्द चालू आहे: धर्मांचं चिनीकरण. कानाला बरा लागतो. कमळावरचा क्रूस हेच तर चिनीकरण होतं, मग आक्षेप कशाला? आक्षेप याला की ते कोण करतंय. झेजियांग प्रांतात २०१४ पासून हजाराहून जास्त चर्चच्या माथ्यावरचे क्रूस उतरवले गेले. वनझौचं सानजियांग चर्च त्याच वर्षी जमीनदोस्त झालं. २०१८ मध्ये ऑनलाइन दुकानांतून बायबल गायब झालं. चंग्दूच्या एका स्वतंत्र चर्चचे पास्टर वांग यी यांना २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. सरकारला अफूचे तह आठवतात हे मी समजू शकतो, ती जखम खरी आहे. पण तो अपमान चिनी ख्रिस्त्यांनी केलेला नव्हता, बॉक्सरांच्या काळात त्यांनी त्याची किंमत मोजली होती. चिनी असणं म्हणजे काय, हे आपल्या आजीकडून शिकलेल्या बाईला ते पुन्हा कचेरीतून शिकावं लागतंय. १७०४ मध्ये रोमने तिला सांगितलं होतं की ख्रिस्ती असशील तर चिनी राहू नकोस. आज तिला सांगितलं जातंय की ख्रिस्ती असशील तर आम्ही म्हणू तशी चिनी हो. २०१८ मध्ये या दोन्ही सत्तांनी बिशप नेमण्याबाबत आपसांत करार केला. त्याचा मजकूर आजवर जाहीर झालेला नाही. ज्यांच्यासाठी बिशप नेमायचे त्यांनाही तो वाचता येत नाही.

मला जॉन्जूजवळच्या त्या कबरीविषयी सांगायचं आहे. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेऊलमध्ये युन जि-चुंगला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा त्याला कुठे पुरलं होतं हे नक्की ठाऊक नव्हतं. २०२१ मध्ये वानजू इथे जुन्या कबरी उकरताना त्याच्या आणि क्वॉनच्या अस्थी सापडल्या. ओळख पटली ती कबरीत ठेवलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यांवरून. त्याच्यासारखाच विश्वास ठेवणाऱ्या कुणीतरी, पकडले जाण्याची भीती असताना, मृताचं नाव लिहून त्याच्यासोबत पुरायची कोरियन रीत पाळली होती. वाडग्यावर शाईने युनचं नाव होतं, त्याचं जन्मवर्ष आणि त्याच्या पूर्वजांचं मूळ गाव, हेनाम.